मिलिंदच्या गाडीच्या स्प्रिंगा

गॅरेजमध्ये चार माणसं जमली की काम एकाचं होतं आणि किस्से चौघांचे होतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, मिलिंदच्या गॅरेजमध्ये आम्ही मित्रमंडळी दीड वर्ष दर शनिवारी जमत होतो. म्हणजे साठा किती झाला असेल, तुम्हीच बघा!

मिलिंद नागपूरचा, माझा कॉलेजपासूनचा मित्र. एका कार कंपनीत सीट डिझाइन करतो. त्याने एकदम किट कारच मागवली. म्हणजे गाडी खोक्यांतून सुटी सुटी घरी येते, जोडायची आपण. दोन सीटची, टप नसलेली, बुटकी गाडी. मी सॉफ्टवेअरवाली, पाना कुठला आणि पक्कड कुठली, हे मला तिथेच कळलं.

सगळं जुळलं आणि घोडं अडलं स्प्रिंगांपाशी. स्प्रिंग गाडीला उचलून धरते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला नाचू देत नाही. किटमध्ये हे दोन्ही नव्हते. गाडीचं वजन बघून आपणच निवडायचे.

*

वजन करायचं तर चार चाकांखाली चार काटे हवेत. चार घरांतून बाथरूममधले काटे गोळा केले. गाडी चढवण्याआधी मिलिंद स्वतः एकेका काट्यावर उभा राहिला. तीन काट्यांचं एकमत. चौथा आठ पाउंड कमी दाखवत होता.

"हा कुणाचा?"

माझा होता! मी महिनाभर ग्रुपवर माझ्या डाएटचे अपडेट टाकत होते. मिलिंदने काटा उलटा केला, खालचा स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "घे, तुझं डाएट संपलं."

*

मग स्प्रिंगा विकणाऱ्या दुकानात फोन लावला. तिकडे एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्य याच धंद्यात गेलेले. मिलिंदने फोन स्पीकरवर ठेवून चारही चाकांची वजनं वाचून दाखवली.

"गाडीचं झालं. चालवणाऱ्याचं वजन किती?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मिलिंदने आकडा सांगितला. त्याची बायको सुजाता चहा घेऊन येत होती. दारातूनच ओरडली, "हे लग्नातलं वजन आहे!"

म्हाताऱ्यांना मराठीचं एक अक्षर कळलं नसणार. पण ते शांतपणे म्हणाले, "ओके, मी वीस पाउंड वाढवून लिहितो."

*

म्हाताऱ्यांनी मऊ स्प्रिंगा घ्यायला सांगितलं होतं. मिलिंदने कडक मागवल्या. "रेसिंगचा फील पाहिजे यार!"

पहिली चक्कर मारायला मी बाजूला बसले. मिशिगनचा हिवाळा नुकताच संपलेला, रस्त्यांची चाळण झालेली. पहिल्या खड्ड्यात गॉगल उडाला, दुसऱ्यात जीभ चावली गेली. मिलिंद मात्र खूश! "बघ, खाली साधं नाणं आलं तरी कळतं!"

"कळतं ना," मी म्हटलं. "छापा होता की काटा, तेही कळलं!"

घरी आल्यावर तो कंबर धरतच गाडीतून उतरला. मग आत जाऊन म्हाताऱ्यांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "तुझ्या मऊ स्प्रिंगा मी बाजूला काढूनच ठेवल्यात."

*

मऊ स्प्रिंगा बसल्या. पण शॉक अ‍ॅब्सॉर्बर किती घट्ट ठेवायचे, त्याचं एक बटण असतं. मिलिंदने ते पार सैल सोडलं. आता गाडी थांबली तरी डुलायची थांबेना.

कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनला एक गोऱ्या आजी रस्ता ओलांडत होत्या. आम्ही थांबलो. गाडीने मान खाली घातली, वर केली, परत खाली घातली. आजी रस्त्याच्या मधोमध थांबल्या आणि त्यांनीही वाकून नमस्कार केला! मिलिंदने घरी येऊन बटण सहा घरं घट्ट केलं.

*

मे महिन्यात मिलिंदची आई नागपूरहून आली. काकूंचं पाठीचं दुखणं फार जुनं. त्यात विमानाचा प्रवास आणि जेटलॅग. सहा दिवस झाले तरी नीट झोप नाही. मिलिंदच्या मोठ्या एसयूव्हीतही पाठीला उशी लावून, दांडी घट्ट धरून बसायच्या.

रविवारी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये, घरापासून दहा मिनिटांवर. काकू म्हणाल्या, "मी पोराने बनवलेल्या गाडीतूनच येईन."

"आईंना या डब्यातून नेणार तू?" सुजाता मिलिंदवर भडकली. "पाठ धरली तर?"

मिलिंदचाही चेहरा उतरला. पण काकू पांढरी साडी नेसून, डोक्याला स्कार्फ बांधून, अंगावर शाल घेऊन गाडीत बसल्यासुद्धा!

सुजाता आणि मी खिरीचं पातेलं घेऊन आधीच पोचलो होतो. हॉलच्या दाराशी वाट बघत उभ्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सुजाताने फोन लावला, मिलिंद उचलेना. ती रडकुंडीला आली.

तेवढ्यात गाडी दिसली. अगदी हळू येत होती. आम्ही हात केला. मिलिंदने ओठांवर बोट ठेवलं, शेजारी खूण केली आणि आमच्यासमोरून सरळ निघून गेला!

शेजारच्या सीटवर काकू. मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोप!

वीस मिनिटांनी गाडी परत आली. परत ओठांवर बोट. परत निघून गेली. आत लोक विचारू लागले, "मिलिंद कुठे राहिला?" सुजाता डोळे पुसत म्हणाली, "येतोय. थोडं थांबा."

एव्हाना तास उलटून गेला होता. गाडी तिसऱ्यांदा आली आणि दारापाशी थांबली. मिलिंदने इंजिन बंद केलं. त्या शांततेनेच काकूंना जाग आली. त्यांनी स्कार्फ सारखा केला, एकदा हॉलकडे पाहिलं, एकदा मिलिंदकडे.

"इतक्या जवळ होय रे तुमचा हॉल? मग पायीच आलो असतो ना!"