चिटणिसांच्या वाफ्यातला भोपळा

आमच्या इमारतीतल्या शिंप्याला सगळे टेपकाका म्हणतात. दुकान बंद केलं, तरी ओळखीच्यांच्या पँटी आखूड करून देतात आणि मोजपट्टी गळ्यातच असते. काकू म्हणतात, "लग्नाच्या फोटोतही होती."

मागच्या ओसाड जागेत सगळ्यांनी मिळून बाग करायची, हे खूळ त्यांचंच. वाफे पट्टीने आखले. शिवणीत सोडतात तशी प्रत्येक वाफ्याला वीतभर माया ठेवली. घरटी एक वाफा, त्यावर नावाची पाटी. माझ्या पालकाला दोन दिवस पाणी चुकलं, तर पाटीवर खडूने 'गैरहजर' लिहिलेलं. चाळीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे लागतं.

इमारतीच्या चिटणिसांना तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. "तीन महिने देतो. मग सभेत मत घेऊ. गाड्यांना जास्त मतं पडली, तर बाग उपटायची."

टेपकाका बरं म्हणाले आणि चिटणिसांच्या गाडीला लागूनच त्यांच्याही नावाचा वाफा आखून भोपळा लावला.

"मला नको."

"पदरात पडलं ते पवित्र झालं, साहेब. पाणी मी घालीन."

वेल फोफावला. चिटणीस आधी दात घासत खिडकीतून बघायचे. मग खाली येऊ लागले, मग हातात तांब्या आला. एके दिवशी गाडीच्या मागच्या चाकामागे नारळाएवढा भोपळा दिसला. गाडी मागे घ्यावी तर तो चिरडणार, पुढे भिंत, उचलावा तर देठ तुटणार.

"पिकेपर्यंत राहू दे," म्हणत ते बसने कामाला जाऊ लागले.

सभेत त्यांनी जागा किती अपुरी पडते ते सविस्तर सांगितलं.

"पण साहेब, तुमची गाडी तर महिनाभर जागची हलली नाही," टेपकाका नम्रपणे म्हणाले. "नव्या जागेत नेणार कशी?"

काकू पदराआड हसल्या. गाड्यांसाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा चिटणिसांचा हात अर्ध्यावर गेला, डोकं खाजवून खाली आला. मग इतरांचेही उठले नाहीत. बाग राहिली.

भोपळा काढताना चिटणीस बराच वेळ वाकून होते. वेल जागोजागी करड्या कापडाच्या पट्टीने बांधून गाडीकडे वळवलेला होता.

"टेपकाका, ही माझ्या पँटची पट्टी."

"हो. आखूड करताना उरलेली."

"पँट चार बोटं जास्तच आखूड झालीय."

"वेलाला तेवढीच कमी पडत होती, साहेब."