चूक कानांची

"मोठ्याने बोल. इथे लूम चालू आहेत असं समज."

तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या प्रत्येकाला सर हे ऐकवत. केमिकल इंजिनिअरिंगच्या आमच्या विभागातले ते सगळ्यात जुने प्राध्यापक आणि मी नव्याने लागलेला. त्यांचा तास पहिल्या मजल्यावर चाले. पण खालच्या कँटीनवाल्यालाही आता डिस्टिलेशन येतं, असं आम्ही म्हणायचो.

तुम्ही भिवंडीत राहिला असाल तर अशा आवाजाचं नवल वाटणार नाही. सरांचं घर तिथलंच, जुन्या कोकणी मुसलमान लूमवाल्यांचं. खाली कापडाचे धडधडते लूम, वर बिऱ्हाड. जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून. सुताला कांजी लावतात तिथे या घरातला हा मुलगा, म्हणजे आमचे सर, तासन्‌तास उभा राहायचा. कांजी दाट का होते, वाफ जाते कुठे, असं विचारून कारागिरांना भंडावायचा. तेच प्रश्न त्यांना इंजिनिअरिंगकडे घेऊन गेले. पुढे कंपन्यांनी बोलावलं, पण ते वर्गातच रमले.

एका वर्षी तोंडी परीक्षेला पाड्यावरची एक मुलगी आली. आईबाप शेतावर आणि मजुरीवर जाणारे. घरातली कॉलेजात पोचलेली ही पहिलीच. हुशार, पण आवाज अगदी बारीक. सरांनी विचारलं, गरम आणि थंड द्रव एकमेकांच्या उलट दिशेने का सोडतो? तिने उत्तर दिलं. सर म्हणाले, मोठ्याने. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तर तिचा आवाज सरांशेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आला. तिचे डोळे भरले होते. सरांनी पेन उचललं. या विषयात ती आधी एकदा नापास झाली होती. आता पुन्हा नापास झाली असती तर घरचे तिला परत कॉलेजात पाठवणार नव्हते.

पेन कागदाला टेकायच्या आत सरांची नजर माझ्याकडे गेली.

"तुम्ही मान का हलवलीत?"

मी म्हणालो, "सर, उत्तर बरोबर आहे. तिन्ही वेळा बरोबर होतं."

सर उठले, आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घातला आणि तिच्या शेजारी मांडली.

"पुन्हा सांगशील? चूक माझ्या कानांची आहे, तुझी नाही."

"मी तेच सांगते हाय, सर," ती म्हणाली. "उलट सोडलं की गरम-थंडातला फरक शेवटपर्यंत रेतो."

सरांनी तिला पुढचे सगळे प्रश्न तिथेच बसून विचारले. ती पास झाली. माझा तर जीव भांड्यात पडला.

सरांचा मात्र पडला नव्हता. जिन्यात थांबून ते हळूच म्हणाले, "आधीच्यांचं काय झालं असेल?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः प्राचार्यांकडे गेले, आपल्याला ऐकू येत नाही हे सांगितलं आणि नोकरी सोडायची तयारी दाखवली. प्राचार्य म्हणाले, आधी कानाचं मशीन घ्या, मग बघू.

मशीन लावून ते वर्गात आले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "भोंगा आला." सर थबकले. मग सर इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. "एवढी वर्षं हे नाव मला कोणीच कसं कळवलं नाही?"

त्यानंतरही ते पुष्कळ वर्षं शिकवत राहिले. ती मुलगी आता एका कारखान्यात शिफ्ट सांभाळते, तिच्या हाताखाली माणसं आहेत.

सर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. त्यांचा तास आता मी घेतो. निरोप समारंभात त्यांनी भाषण करायला नकार दिला. मुलांना बोलू द्या, म्हणाले. एक मुलगा बोलायला उठला आणि अडखळत, तेच तेच सांगत, थांबेचना. आम्ही घड्याळं बघू लागलो. मी त्याला आवरतं घे म्हणायला उठणार, तेवढ्यात पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि ते आणखी पुढे झुकून ऐकू लागले.