झेरॉक्सवालीचा चौथा हिरो

नळदुर्गच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी ही पोरगी दिवसभर मोबाईलवर प्रेमाचा गेम खेळते. चार हिरोंपैकी एक निवडायचा, तो काही बोलला की समोरच्या उत्तरांतलं एक दाबायचं. उत्तर त्याला आवडलं की स्क्रीनवर बदाम वाढतो.

गेम इंग्रजीतला, पण ती मोठ्यानं आपल्या बोलीत वाचते.

"बाई, ह्यो म्हणतोय, माझ्यासंगं शहरात येतीस का? काय सांगू?"

शाळेची वेळ झालेली, माझ्या प्रश्नपत्रिका मशीनमध्ये अडकलेल्या. मी चिडून म्हणते, "तुला वाटतं ते सांग."

"माझं ऱ्हाऊ द्या. त्याला काय आवडंल?"

असं गिऱ्हाइकांना विचारत तिनं तीन हिरो शेवटाला नेले. चौथा मात्र सारखा रुसतो.

परवा तिला बघायला आलेला मुलगा मावशीला घेऊन थेट दुकानातच आला. मावशीनं विचारलं, "लग्नानंतर दुकान बंद करशील न्हवं?"

बदाम कोणत्या उत्तरानं वाढणार, हे आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना कळत होतं. तिनं सवयीनं माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम प्रश्नपत्रिकांत डोकं घातलं.

"न्हाय," ती म्हणाली. "दुकान चालूच ऱ्हाईल."

मावशी तरातरा बाहेर पडली. मुलगा दारातच घुटमळला.

"सकाळी किती वाजता उघडता?"

"नऊला." मग कुणालाही न विचारता ती म्हणाली, "साडेआठला आलात तर चहा मिळंल."