तुळसा उजेड लावते

ठाण्यात मासुंदा तलावाच्या मागच्या अंगाला परशुरामपंतांचं घर होतं. १८७४ साली त्यांनी छपराच्या उत्तरेकडच्या पाख्याची कौलं उतरवली आणि तिथे काचा बसवल्या. शेजारी म्हणाले, पंतांचं डोकं फिरलं, पहिल्याच पावसात घर गळेल. घर गळलंही. पण पंत मुंबईत एका साहेबाच्या हाताखाली चार वर्षं फोटो काढायला शिकून आले होते. फोटोला उजेड लागतो आणि तोही उत्तरेचा, दिवसभर एकसारखा राहणारा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. गळती त्यांनी डांबराने बंद केली आणि दारावर पाटी लावली.

काचांखाली तारा ओढल्या होत्या आणि तारांवर पांढरे नि निळे पडदे. कुठला पडदा किती ओढायचा यावर चेहऱ्यावर पडणारा उजेड ठरे. पडदे ओढायला आणि आठवड्यातून दोनदा काचा पुसायला पंतांनी धाकूला ठेवलं. धाकू कोपरीचा आगरी. त्याच्या तीन पिढ्या मिठागरावर राबलेल्या. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात काचेवरचं शेवाळ खरवडताना त्याचा पाय घसरला आणि तो अंगणात पडला. खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्याने बसवलं, पण पाय आखूड झाला तो झालाच.

आठव्या दिवशी धाकूची बायको तुळसा पंतांच्या दारात उभी राहिली. वय असेल तिशीच्या आसपास. हातापायांना मिठाने पडलेल्या भेगा.

"त्यांचं काम मी करीन," ती म्हणाली.

"अगं, बाईमाणसाने छपरावर चढायचं?"

"छपरावर नाय चढनार. काचा पुसायला दुसरा गडी बघा. पडदे मी ओढते."

पंतांना हो म्हणायला दोन दिवस लागले. हो म्हणण्याचं कारणही वेगळंच घडलं. मामलेदारांची बायको फोटोला आली. त्या काळी काचेवर चित्र उमटायला दहा-बारा सेकंद लागत आणि तेवढा वेळ माणूस हलला की चित्र बिघडे. म्हणून खुर्चीमागे एक लोखंडी खांब असे आणि त्याला एक चिमटा. हा चिमटा मानेमागे बसवायचा, म्हणजे डोकं स्थिर राहतं. आता मामलेदारीणबाईंच्या मानेला हात कोण लावणार? पंत लावू शकत नव्हते, मामलेदारांना चारचौघांत लावायचा नव्हता. पंतांची बायको गोदाकाकू सोवळ्यात होती. शेवटी पंतांनी उत्तराची वाट बघत पडवीत बसलेल्या तुळसाला हाक मारली. तिने आधी चिमट्याच्या दोन्ही टोकांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या आणि मग तो बाईंच्या अंबाड्याखाली हलक्या हाताने बसवला. बाई तिथे डोळे मिटण्याइतक्या निवांत झाल्या. पंतांना "डोळे उघडा" असं सांगावं लागलं.

तेव्हापासून तुळसा तिथली झाली.

तिचं काम हळूहळू वाढत गेलं. पंतांची पद्धत ओल्या काचेची होती. अंधाऱ्या खोलीत काचेवर औषध ओतायचं, ती रुप्याच्या पाण्यात बुडवायची आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचं. उन्हाळ्यात चार मिनिटांत काच सुके. त्यामुळे काच तयार होण्याआधीच उजेड लावलेला असायला हवा. बसणारी माणसं तर तेवढा वेळ खुर्चीत बसायला तयार नसत. मग पंत त्यांना बाहेर थांबवत आणि खुर्चीत तुळसाला बसवत. तिच्या चेहऱ्याकडे बघून "डावा पडदा ओढ, वरचा सोड" असं सांगत. ती उठून पडदा ओढे आणि परत बसे. महिनाभरात पंतांनी सांगायच्या आधीच ती उठू लागली. गालावर उजेड कुठे लागतो आणि कुठे सुटतो हे तिला बसल्याजागी कळे.

एकदा नव्या औषधाचा अंदाज घ्यायला पंतांनी तिचंच चित्र घेतलं. ते काचेवर उतरलं, पंतांनी बघितलं, औषध ठीक आहे म्हणाले आणि काच घासून धुऊन पुन्हा वापरायला ठेवली. तुळसाने ते पाहिलं नव्हतं. गोदाकाकूने विचारलं, "अगं, बघायचं तरी होतंस." तुळसा म्हणाली, "माजं तोंड मना ठावं हाय."

१८७८ च्या फाल्गुनात कळव्याचा भिवा पाटील बायकोला घेऊन आला. मुलीचं लग्न तोंडावर होतं आणि सोयऱ्यांच्या घरी नवराबायकोची तसबीर पाहिल्यापासून त्याच्या मनाने घेतलं होतं. पाटील कोट घालून आला होता. रंगूबाईने अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घातलं होतं. पंतांनी नेहमीसारखा उजेड लावला, चित्र घेतलं आणि दोन तासांनी कागदावर छापून दाखवलं.

पाटलाने कागद उजेडाकडे धरला. कोट सुरेख आला होता. कोटाच्या वर एक काळा डाग होता आणि त्यात दोन डोळे.

"यो कोन?" तो म्हणाला.

"पाटील, कॅमेरा खोटं बोलत नाही. ज्याचा जो रंग..."

"आमी काले हाव ते आमाला म्हाईत हाय. पन आमाला नाक हाय, तोंड हाय. ते कुठं गेलं?"

रंगूबाईचं दुखणं निराळं होतं. तिने कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "माजं गोंदन नाय यात." तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, लहानपणी आईने मांडीवर घेऊन गोंदवलेलं. कागदावर त्याचा मागमूस नव्हता. पंतांनी समजावलं की ओल्या काचेला निळा-हिरवा रंग दिसत नाही, साहेबांच्या पुस्तकातच तसं लिहिलंय. रंगूबाईने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "सोनं हितंच ऱ्हातं. मेल्यावर गोंदन तेवढं संगती येतं. तेच नाय तर ही बाई मी नाय." आणि ती उठली.

तुळसा पडद्याची दोरी धरून उभी होती. ती पुढे आली.

"पंत, एक डाव मी लावू?"

"काय लावणार तू?"

"चुना."

ती सांगू लागली. मिठागरावर दुपारच्या वेळी मिठाच्या राशींमध्ये बाया उभ्या असतात, तेव्हा त्यांच्या तोंडावर खालून उजेड येतो. पदराच्या सावलीतसुद्धा तोंड स्पष्ट दिसतं. वरून कितीही ऊन असलं तरी काळ्या माणसाचं तोंड वरच्या उजेडाने उघडत नाही, फक्त कपाळ चमकतं. बाकीचं खालून नि बाजूने यायला हवं.

"खालून उजेड दिला की माणूस भुतासारखा दिसतो. नाटकात बघितलं नाहीस?"

"अगदी खालून नाय. तिरपा."

पंतांना ते पटलं नाही. पण पाटील दारात चपला घालत होता, आणि कळव्यातून एक माणूस नाराज गेला की पुढे खाडीकाठचं कोणी येणार नाही हे त्यांना दिसत होतं. त्यांनी मान हलवली.

परसात घराला सफेदी करण्यासाठी चुना कालवून ठेवला होता. तुळसाने माळ्यावरच्या दोन जुन्या फळ्या काढल्या, त्यांच्यावर चुन्याचे दोन हात दिले आणि उन्हात उभ्या केल्या. त्या वाळेपर्यंत ती रंगूबाईजवळ बसली. गोदाकाकूकडून काजळाची डबी मागून आणली आणि एका काडीने तिचं गोंदण ठिपक्यावर ठिपका देत गिरवलं. रंगूबाई अजिबात हलली नाही. मग एक फळी नवराबायकोच्या पायांशी तिरपी टेकवली, दुसरी डावीकडे उभी केली, वरचा पांढरा पडदा अर्धा ओढला, आणि पंतांना म्हणाली, "आता काच करा."

दुसरा कागद पाटलाच्या हातात आला तेव्हा त्याने आधी स्वतःच्या नाकाला हात लावला, मग हसला. गालावरचा देवीचा एकेक वण दिसत होता. रंगूबाईने फक्त कपाळ बघितलं, कागद पदरात गुंडाळला आणि तुळसाला विचारलं, "तू कोनाची?"

"कोपरीच्या धाकूची."

"लग्नाला ये."

त्या वर्षभरात कळवा, मुंब्रा, बेलापूर अशी खाडीकाठची गावंच्या गावं पंतांकडे येऊ लागली. तुळसाने फळ्यांऐवजी बांबूच्या चौकटी केल्या. त्यावर मांजरपाटाचं जाडंभरडं कापड ताणायचं आणि खळीत चुना मिसळून त्याचे हात द्यायचे. चौकट हलकी होई आणि हवी तशी वळवता येई.

१८८१ साली मुंबईच्या एका प्रदर्शनात पंतांनी काढलेल्या एका कोळणीच्या फोटोला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यानंतर महिनाभराने मुंबईचे एक पारशी फोटोग्राफर ठाण्याला आले. सावळ्या माणसांचे चेहरे इतके मोकळे कसे उतरतात हे त्यांना बघायचं होतं.

"ही रीत आपल्याला सुचली कशी?" त्यांनी विचारलं.

"बरेच प्रयोग केले," पंत म्हणाले. तुळसा तिथेच चौकटीवरची धूळ झटकत होती.

पाहुण्यांनी स्वतःच खुर्चीत बसायची इच्छा दाखवली. ते चांगले गोरेपान होते. पंत तुळसाला म्हणाले, "चौकटी लाव. नेहमीसारख्याच." तिने एकदा पाहुण्यांच्या तोंडाकडे बघितलं, एकदा पंतांकडे, आणि अगदी नेहमीसारख्याच लावल्या. चित्र आलं. पाहुण्यांचं तोंड नव्या गिलाव्याच्या भिंतीसारखं दिसत होतं. नाक शोधावं लागत होतं.

पंतांनी काच उलटसुलट करून पाहिली. औषधात चूक झाली असेल, काच जास्त वेळ उघडी राहिली असेल, असं ते बोलत राहिले. पाहुणे मात्र तुळसाकडे बघत होते.

"बाई, तुला काय वाटते?"

तुळसाने पंतांकडे बघितलं. पंत अजून काचेकडेच बघत होते.

"तुमचा रंग येगला," ती म्हणाली. "तुमाला पांढरं नको, कालं पायजे." तिने दोन्ही चौकटी बाजूला केल्या, पडवीतली धाकूची काळी घोंगडी आणली आणि पाहुण्यांच्या उजवीकडे काठीवर टाकली. गालावर सावली उतरली आणि नाक जागेवर आलं. दुसरं चित्र बघून पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. जाताना पंतांशी ते फार सौजन्याने बोलले.

ते गेल्यावर पंत म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी बोललाव, नेहमीसारख्या लाव."

पंत अंधाऱ्या खोलीत गेले आणि काचा धुऊ लागले. पण पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी, सगळ्यांसमक्ष, पंतांनी विचारलं, "तुळसा, यांना काय लावायचं?" आणि पुढेही ते तसंच विचारत राहिले.

पारशी गृहस्थांनी काही दिवसांनी चिठ्ठी पाठवली. त्यांना तशा सहा चौकटी करून हव्या होत्या. तिथून कोपरीच्या घरात नवं काम सुरू झालं. ओटीवर पूर्वी जाळी आणि मिठाची फावडी ठेवत, ती जागा धाकूने मोकळी केली. त्याला फार वेळ उभं राहता येत नसे, म्हणून सगळं बसल्याजागी हाताशी येईल असं मांडलं. उजवीकडे चिरलेले बांबू, डावीकडे सुतळी आणि खिळे, पुढ्यात जमिनीत पुरलेले चार खुंट. खुंटांत चौकट अडकवली की दोन्ही हात मोकळे राहत. मांजरपाट ताणायचं काम तुळसाचं आणि चुना देण्याचंही. चुना ती तीन वेळा फडक्यातून गाळी. खडा राहिला तर उजेड फुटतो, असं ती म्हणे. धाकू पडल्यापासून घरात बोलत नसे. या कामाला लागल्यावर तो पुन्हा बोलू लागला, आणि मुख्यतः तुळसाच्या चुका काढू लागला.

कल्याण, पुणे, भिवंडी अशा गावांतून मागणी येत गेली. नव्वदच्या आसपास कोरड्या तयार काचा विलायतेहून येऊ लागल्या. चित्र आता क्षणात उतरे, मानेचा चिमटा नको झाला. पंतांनी तो माळ्यावर टाकला. प्लेगच्या साली गोदाकाकू गेली, पंत दुकान बंद करून कोकणात भावाकडे निघून गेले. जाण्याआधी ते कोपरीला आले होते. ओटीवर बसून त्यांनी धाकूचे खुंट बघितले, एक चौकट हातात घेऊन वळवून पाहिली आणि म्हणाले, "प्रशस्तिपत्रावर तुझं नाव घालायला हवं होतं."

"मना वाचता येत नाय, पंत," तुळसा म्हणाली. मग चौकट त्यांच्या हातातून परत घेत तिने म्हटलं, "पन घालायला पायजे व्हतं."

पंतांनी मान डोलावली. चहा घेतला आणि गेले.

पुढे दोन वर्षं तुळसा आठवड्यातून एकदा कल्याणला नव्याने निघालेल्या एका स्टुडिओत उजेड लावून द्यायला जात असे. तिथला मालक मधु हा तरुण माणूस तिला "मावशी" म्हणे आणि तिच्याशी खूप वाद घालत असे. तिला ते आवडत असावं, कारण ती वेळेआधी पोचे. १८९९ साली डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा वाढला तेव्हा तिने जाणं थांबवलं. तोवर मुलाचं लग्न झालं होतं आणि सून उत्तरा मांजरपाट ताणायला शिकली होती.

त्याच वर्षी नाशिकच्या एका स्टुडिओसाठी बारा चौकटींची मागणी आली. त्या बांधून तयार झाल्यावर तुळसा स्वतः ठाणे स्टेशनात गेली. हमालाने त्या सामानाच्या डब्यात आडव्या रचल्या होत्या. एकावर एक राहिल्या तर चुना तडकेल म्हणून तिने त्या सगळ्या उतरवायला लावल्या आणि स्वतः डब्यात चढून एकेक करून उभ्या ठेवून घेतल्या. गार्ड शिट्टी वाजवत होता. बारावी चौकट नीट टेकल्यावरच ती डब्यातून खाली उतरली.