तात्यांची कारणं

संयुक्त महाराष्ट्रासाठी मी एक अख्खी सकाळ झोपून काढली आणि त्या झोपेत माझी गिरणीतली कायमची नोकरी गेली. चूक माझी. पांघरूण तात्यांचं.

लालबागला आमच्या गाववाल्यांच्या खोलीत पंधरा माणसं, पंधरा ट्रंका आणि वर तात्या. तुमच्याही चाळीत असा एक असेल. नळाला पाणी बारीक आलं की मिश्री लावता लावता म्हणायचे, "त्याला कारण आहे." आणि ते कारण थेट दिल्लीला जाऊन पोचायचं. नाक्यावरच्या हवालदाराने जांभई दिली, तरी कारण. आम्ही माना डोलवायचो. मोर्चात मात्र तात्या कायम शेवटच्या रांगेत. "गुडघा," म्हणायचे. भाषणं संपली की तोच गुडघा सगळ्यांच्या आधी चहाला हजर.

मी तेव्हा बदली कामगार. रोज फाटकावर उभं राहायचं, कोणी आला नाही तर त्या दिवसापुरतं काम. एकदा जॉबर म्हणाला, "सोमवारी सकाळी नक्की ये. एक जागा रिकामी होतेय, तुला कायम करतो." मी शहाण्याने ते खोलीभर सांगितलं.

सोमवारी आमच्या गिरणीचा भोंगा वाजलाच नाही. मी धडपडून उठलो.

"अरे, त्याला कारण आहे," तात्या म्हणाले. "आज हरताळ. नीज तू." आणि स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर घातली. इतक्या मायेने मला आईनेही कधी निजवलं नव्हतं.

भोंगा नुसता बिघडला होता. दुपारी कळलं, गिरणी चालू आहे आणि माझ्या जागेवर तात्यांचा भाचा उभा आहे. चारच दिवसांपूर्वी गावाहून आलेला. तात्यांनीच त्याला फाटकावर नेऊन जॉबरपुढे उभं केलं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे मला त्या दिवशी पटलं. फक्त तात्यांची गरज आधी यायची, कारण तिच्या मागून.

पुढे तात्या कोकणात गेले आणि तिथेच वारले. बातमी आली त्या दिवशी मी खानावळवाल्या मावशींना ही सगळी हकिकत ऐकवली आणि मेलेल्या माणसाला यथेच्छ नावं ठेवली.

मावशी म्हणाल्या, "त्या सकाळी तुमच्या खोलीतल्यांनी माझ्याकडसून डबे नेल्यानी. तुका दिसले नाय?"

"दिसले की. मला वाटलं, मोर्चाला चाललेत."

"मोर्चाक डबो घेवन कोण जाता रे, मेल्या?"