थंडीतली टाकी आणि चौदावा मजला

डिसेंबरच्या शेवटी शेवटी आमचा संडास बोलायला लागला. फ्लश ओढला की आधी गुडगुड, मग एक लांब सुस्कारा, आणि पाणी खाली जायचं सोडून वर येऊन माझ्याकडे बघत राहायचं. दोन दिवस मी काणाडोळा केला. तिसऱ्या दिवशी मुलाशी फोनवर बोलताना तोंडातून निसटलं, आणि तिथेच माझं चुकलं.

मुलगा शहरात व्हाइटफील्डला राहतो, चौदाव्या मजल्यावर. त्याचे वडील गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, देवनहळ्ळीजवळचं हे घर बंद करून मी त्याच्याकडे यावं म्हणून तो माझ्या मागे लागलाय. आधी माझे गुडघे काढून झाले, मग एकटेपणा, मग परसात निघालेला साप. सगळ्यांना मी पुरून उरले. आता त्याला टाकी सापडली. आमच्या लेआउटला, या प्लॉटच्या वसाहतीला, शहराची गटारलाइन अजून आलेली नाही. ज्याचा त्याचा मैला ज्याच्या त्याच्या परसात, जमिनीखालच्या सेप्टिक टाकीत.

"आई, आता पुरे," तो म्हणाला. "रविवारी टँकर बोलावतो, टाकी उपसून घेऊ आणि घराला कुलूप लावू. इथे फ्लश ओढला की विषय संपतो."

"संपत नाही रे. चौदा मजले खाली जातो. तिथे कुणीतरी तो सांभाळत बसलेलाच असतो."

"तू या वयात टाकीची झाकणं उघडत बसणार?"

"हो. असं करू. टाकी भरलेली निघाली तर त्याच दिवशी बॅग भरते. नाही निघाली तर फ्लॅटचं नाव काढायचं नाही."

तो म्हणाला, "सरी."

आमची माणसं कित्येक पिढ्यांपासून इथली. भांडतो मराठीत, पण कुणी कन्नडातलं 'सरी' म्हटलं की ठरलं.

मी एवढ्या तोऱ्यात पैज लावली, कारण ही टाकी मला ठाऊक आहे. पण तीसेक वर्षांपूर्वी हे घर बांधलं तेव्हा जी बाई माझं नाव लावून इथे राहायला आली, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं. तरी बोलते. नवरा म्हणाला होता, न्हाणीचं पाणी वेगळं काढून केळींना सोडू, टाकीत फक्त संडासाचं जाऊ दे. बाईसाहेब म्हणाल्या, "अंघोळीचं पाणी उघड्यावर? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे तेव्हा आजूबाजूला एक द्राक्षांचा मळा आणि दोन म्हशी. पण म्हशींपुढे अब्रू नको जायला, म्हणून सगळं एकाच पाइपात गेलं.

मग स्वच्छता. रोज सकाळी अ‍ॅसिड, संध्याकाळी फिनेल. संडास असा लख्ख की वाटलं तर आत हळदीकुंकू करावं. टाकीत जे बारीक जीव बसून आपली घाण खातात, ते रोज मरत होते आणि टाकी परसभर घमघमत होती. एकदा पौषातल्या थंडीत नवरा जेवताना म्हणाला, "अगं, त्या बिचाऱ्यांना गारठ्यात आधीच पचत नाही, त्यात तू विष वाढतेस." ताटावर बसून संडासाची गोष्ट काढली म्हणून ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तेव्हा टँकर यायचा तर ही नाकाला पदर लावून पुढच्या व्हरांड्यात, आणि टँकरवाल्याची कॉफी बाहेरच्या कठड्यावर, त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात. ती मला आज भेटली तर तोच पेला तिच्या हातात देईन.

नवरा गेल्यावर झाकणापाशी उभं राहणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी शिकले. लांब काठी, तिला खालून पांढऱ्या जुन्या पंचाची पट्टी गुंडाळायची, तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ थांबायचं, वर काढायची. पट्टी काळी झालेली असते तेवढा तळाचा गाळ. दिवाळीआधीच मोजलं होतं. टाकी भरायला अजून वर्ष तरी होतं.

मग पाणी का अडत होतं? ते मला माहीत नव्हतं, आणि पैज तर लावून बसले होते. काठीला काळी पट्टी दिसो न दिसो, संडास बोलत राहिला तर मुलगा मला इथे ठेवणार नव्हता. शनिवारी सकाळपर्यंत मी अर्धी बॅग मनात भरून टाकली होती. केसांना लावायला खोबरेल घेतलं. बाटली उलटी केली, थेंब पडेना. थंडीने आतलं तेल पांढरंफेक गोठलं होतं. बाटली तशीच उलटी धरून मी उभी राहिले, आणि मला हसू फुटलं.

आदल्या रविवारी मुलगा, सून आणि दोन नाती आल्या होत्या. थंडीचं अंग फुटतं म्हणून मी सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत खोबरेल चोपडलं होतं, आणि तेल निघावं म्हणून वर डाळीचं पीठ चोळून न्हाऊ घातलं होतं. चार माणसांचं तेल, चार माणसांचं पीठ, गार पाइप. मी जमिनीखाली थालीपीठ थापलं होतं. ती लख्ख संडासवाली बाई कुठेही गेलेली नाही, माझ्यातच राहते आहे.

रविवारी नऊपर्यंत धुकं होतं. टँकर आला, मागोमाग मुलगा आला, पांढरे बूट घालून. टँकरवाला त्याच्याच वयाचा, कानटोपीतला. मला अज्जी म्हणाला.

"अक्का म्हण अण्णा, अज्जी मी या मुलाच्या घरात आहे," मी कन्नडात सांगितलं. "झाकण सरकव आणि लांब हो. दहा मिनिटं कुणी जवळ जायचं नाही. विडी नको, आणि वाकून आत बघायचं नाही."

"यांना सगळं ठाऊक आहे, सार," तो मुलाला म्हणाला. मुलगा रुमाल नाकाला लावून कढीपत्त्याच्या झाडामागे होता. तो अगदी आईवर गेलाय.

काठी मीच सोडली. गुडघा कुरकुरला, मी त्याला गप्प केलं. वर काढली तर काळं जेमतेम दीड वीत.

"तुंबिल्ला," टँकरवाला म्हणाला. भरलेली नाही.

मुलगा म्हणाला, "आलाच आहात तर उपसून टाका ना."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "आत्ता थंडीत सगळं उपसलं तर आतल्या जिवांचा संसार पुन्हा बसायला महिने जातील. उन्हाळा लागताना बघू."

"अक्का बरोबर बोलतात," टँकरवाला म्हणाला. "पण मग अडलंय कुठे?"

घर आणि टाकी यांच्यामध्ये पाइप तपासायची एक छोटी कुंडी आहे. तिच्यावरची फरशी त्याने पहारीने उचलली. आत पिवळट पांढरा गोळा, घट्ट, आणि त्यात धाकट्या नातीचे लांब केस. मी बंबाचं पाणी आणवलं. उकळतं नाही, त्याने प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो. अंगाला सोसेल इतकंच. बादल्या मुलाने वाहिल्या, टँकरवाल्याने उभ्यानेच लांब बांबूने ढोसलं. तिसऱ्या बादलीला गोळा वितळला, फुटला, आणि पाणी ढेकर देऊन गेलं.

"काय होतं ते?" मुलाने विचारलं.

"तुझं मागच्या रविवारचं न्हाणं."

खोटं नव्हतं. न्हाऊ कुणी घातलं ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिघांनी मागच्या पायरीवर कॉफी घेतली. न्हाणीचा पाइप वेगळा काढणारा प्लंबर टँकरवाल्यानेच सुचवला. तो मंगळवारी येईल म्हणाला. नवऱ्याचं ऐकायला मला तीस वर्षं लागली. मुलाचं ऐकायला त्याहून जास्त लावायचा विचार आहे.

टँकर रिकामाच गेल्यावर मुलगा म्हणाला, "पैज जिंकलीस. पण पुढच्या वर्षी गुडघा वाकला नाही तर?"

"आज वाकला."

"मी पुढच्या वर्षीचं विचारतोय, आई."

तो हे चिडून म्हणाला असता तर मी उत्तर फेकून मोकळी झाले असते. तो चिडला नव्हता. त्याचे बूट चिखलाने भरले होते आणि हात बादल्यांनी लाल झाले होते.

"काठी धरता येईनाशी झाली की मी फोन करीन," मी म्हटलं. "पण तो फोन मी करायचा. तू गुडगुड ऐकून यायचं नाहीस, सुनेने हळूच विचारायचं नाही, डॉक्टरकडून वदवून घ्यायचं नाही. मी करीन तेव्हा."

"आणि तू केलाच नाहीस तर?"

"तर समज, मी अजून धरतेय."

 तो उठला, परसात गेला आणि टाकीचं झाकण दोन्ही हातांनी ढकलत जागेवर आणायला लागला. या वेळी नाकाला रुमाल नव्हता. मी पायरीवरूनच सांगत होते, स्वल्प उजवीकडे, अजून स्वल्प. झाकण बसल्यावर त्याने त्यावर पाय देऊन ते डुगडुगतंय का ते बघितलं.