आय बँकेची पायरी चढली

माझा हट्टीपणा आईकडून आलाय, असं माझा नवरा म्हणतो. खरं आहे. फरक एवढाच, की माझ्या हट्टाला सासरी नावं ठेवतात आणि आयच्या हट्टाचं माहेरी कौतुक होतं. आम्ही तिला आय म्हणतो. रेवसच्या बाजूला खाडीकाठी आमचा कोळीवाडा आहे, तिथे ती एकटी राहते आणि सुक्या मासळीचा धंदा करते. बाप मी शाळेत असतानाच गेला. पुढे घर तिच्या बोंबलांवर चाललं, माझं लग्नही त्याच पैशांतून झालं, आणि हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर चक्रीवादळ आलं. घराचे उडालेले पत्रे वाड्यातल्या पोरांनी शोधून आणून पुन्हा ठोकले. पण वलांडी, म्हणजे बोंबील सुकत घालायला बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात त्या, पार आडव्या झाल्या. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात विकायला भरून ठेवलेला सगळा सुका माल भिजला. ओली मासळी बंद असते तेव्हाच सुक्याला भाव, त्यामुळे वर्षाची कमाई त्या मालातच होती. तो कुजून वास मारायला लागला तशी आयनं स्वतः पाट्या भरून खाडीत ओतल्या. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रडत होते ती मी.

मला नागावला दिलेलं. आमचं घर नारळाच्या वाडीत आहे आणि पर्यटकांना आम्ही खोल्या भाड्यानं देतो. मी म्हटलं, "आये, आता पुरे झालं. एक खोली तुझी. चल माझ्याबरोबर."

"जावयाच्या दारात जाऊन बसू?" ती म्हणाली. "मना बांबू आनि पयला माल घेवाला भांडवल पायजे. तेवढा झाला का मी माजी हाय."

भांडवल कुठून येणार, हे मात्र तिला सांगता येईना. नवरात्रापर्यंत वलांडी उभ्या राहिल्या नाहीत तर हंगाम हातचा जाणार, आणि हंगाम गेला की तिला धंदा सोडून नागावला यावंच लागणार. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

वाट दाखवली ती तलाठ्यानं. ज्या विधवा बायकांना आधीपासून सरकारी पेन्शन मंजूर आहे त्यांना वादळाची मदत वेगळा अर्ज न करता त्याच खात्यात मिळणार होती. यादीत आयचं नाव होतं. रक्कम निघालीही होती, पण परत गेली, कारण खातं बंद पडलं होतं. बाप गेल्यावर सरपंचांनी वाड्यातल्या विधवांना खाती उघडून दिली होती. आयनं काही वर्षं पेन्शन घेतली आणि धंदा पायावर उभा राहिला तशी बँकेत जायचंच सोडून दिलं. खातं गोठलं, पेन्शन आल्या वाटेनं परत जात राहिली. मागचं गेलं ते गेलं. पण वादळाची मदत अजून मिळण्यासारखी होती. आधार कार्ड आणि फोटो घेऊन तिनं स्वतः बँकेत जायचं, केवायसी करायची, खात्याला आधार जोडून घ्यायचं, की तलाठी तिचं नाव पुन्हा पाठवणार. एवढंच.

"एवढंच" हा शब्द आयच्या बाबतीत वापरू नये.

"मी नाय जानार," ती म्हणाली.

का, ते समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बाप गेला त्या हंगामात आय टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी राहायची आणि मी तिचा पदर धरून. होडी लागली की खलाशी आमच्याकडे न बघितल्यासारखं करून ओंजळभर मासळी टोपलीत टाकायचे आणि पुढे जायचे. कोणी काही बोलायचं नाही, तिनं मागायचं नाही. पण जिला अशी ओंजळ मिळते तिनं स्वतःचे दिवस फिरल्यावर दुसरीला द्यायची असते. आय आजही वाड्यात कुणाचं कुंकू पुसलं गेलं की तिच्या दारात सुकटीची पिशवी ठेवून येते, कडीसुद्धा वाजवत नाही.

"लोकांचा घेतलेला मी फेडला," ती म्हणाली. "सरकारचा घेतला तर फेडू कसा? मंत्र्याच्या दारात सुकट ठेवू?"

हसावं की भांडावं ते कळेना, म्हणून मी भांडले. माझी ती सवयच आहे. "तो पैसा तुझाच आहे," मी म्हटलं, "तू दोरी घेतेस, साबण घेतेस, त्यावर सरकार कर घेतंच की."

"मंग दोरीवाल्याला सांग फेडाला."

मी पाय आपटत नागावला परत आले. आता ही येणारच आपल्याकडे, या हिशेबानं मागची खोली झाडून घेतली, पलंग टाकला. मनातून मला ते नकोच होतं. आय कुणाच्या मागच्या खोलीत बसून पडलेले नारळ मोजतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येईना.

मग एका सकाळी तिचा फोन आला. "त्या बँकेत काय काय लागता ते सांग."

झालं होतं असं, की वाड्यातल्या दुसऱ्या एका बाईचेही पैसे परत गेले होते. तिशीतली पोर, नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते, लिहायवाचायला येत नाही. ती एकटीच बँकेत गेली, तिथे कुणी दोन प्रश्न जरा जोरात विचारले, तशी रडत परत आली आणि आयला म्हणाली, काकी, तू येशील का संगती?

"आंधल्यानं आंधल्याला काय नेवाचा?" आय मला फोनवर सांगत होती. "आदी मी जाऊन सगला बघून येते, मंग तिला नेते. मी माज्यासाठी नाय जात."

मी वाद न घालता यादी सांगितली, आधार कार्ड आणि फोटो. जे मला ओळखतात त्यांना ही केवढी गोष्ट आहे ते कळेल.

बँकेत आय नवं लुगडं नेसून आली, नाकात नथ घालायचीच काय ती बाकी होती. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काकू, काही काम वगैरे करता का?"

"काही वगैरे?" आय म्हणाली. "धंदा हाय माजा! सुक्या मासलीचा. लिव्ह."

पेन्शनच्या खात्याला धंदा सांगितला तर उगाच अडचण नको, म्हणून मी तिला हळूच चिमटा काढला. ती सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशी ओरडली, "चिमटा कशाला काढतेस गो?" मुलगी हसली आणि तिनं मासळी विक्री असं लिहिलं. यंत्रानं आयचा अंगठा पहिल्या फटक्यात घेतला नाही, तेव्हा तिनं तो पदराला पुसून असा दाबला की यंत्र मोडतंय की काय असं वाटलं. तेव्हा कुठे घेतला.

पैसे यायला थोडे दिवस लागले. मधल्या काळात आय मदतीबद्दल एकदाही बोलली नाही, त्या पोरीला मात्र बँकेत नेऊन आली. नवरात्राच्या आधी नवे बांबू रोवले गेले. मी पाहायला गेले तेव्हा जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते आणि आय खाली पाटी घेऊन उभी होती. अभिमानानं माझा ऊर भरून आला. ती म्हणाली, "उभी काय, हात लाव."

त्या पोरीनंतर आयनं आणखी बायकांना नेलं. आमच्या वाड्यातल्या झाल्या, मग शेजारच्या गावातल्या भाताच्या शेतीवाल्या बायका विचारत यायला लागल्या. आय टमटममध्ये पुढे बसायची, बायका मागे. एकदा मी सोबत गेले होते. त्या दिवशी बँकेच्या साहेबांनी तिला हाक मारून बोलावलं. बायकांना आणून देणारे आणि त्यांच्या पैशांतून आपलं काढून घेणारे दलाल त्यांनी पाहिले असणार, मी त्यांना दोष देत नाही. आज देत नाही. तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मावशी," साहेब म्हणाले, "दर वेळी नवी बाई घेऊन येता. एकीमागे किती घेता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आयनं मला हातानं थांबवलं.

"घेतला ना, सायेब," ती शांतपणे म्हणाली. "आदीच घेतला, तुमच्याच बँकेतून. आता तोच फेडते."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी," मी म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की रांगेतल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं.